मधू गेल्यावरचा ‘परखड’

शुक्रवारी सकाळी आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या मराठी घरांत दाराखालून ‘परखड’चा नवा अंक सरकला, आणि सगळेच चक्रावले. तो काढणारा मधू केळशीकर नोकरी गेल्यामुळे पंधरा दिवसांपूर्वीच पुण्याला परतला होता.

सूर्यकांत रेगे मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि मंडळाच्या ‘वार्ता’चे संपादक. चार वर्षं ‘वार्ता’ने कार्यकारिणीची आरती ओवाळली आणि ‘परखड’ने तिची सालं काढली.

अंकाचा मथळा होता : ‘रोज एक बिऱ्हाड उठतंय, अध्यक्ष जलसा ठरवताहेत!’

“बाबा, धिस इज सो मीन,” त्यांची मुलगी ईशानी म्हणाली. “हू रोट इट?”

“बघू,” म्हणून सूर्यकांतांनी चहा संपवला.

जलसा रद्द करावा, असं त्यांनीच एकदा बैठकीत सुचवलं होतं. सात विरुद्ध एक. मग अध्यक्ष म्हणून तो निर्णय त्यांनी ‘वार्ता’त उचलून धरला.

“हा फितूर आपल्यातलाच आहे,” चिटणीस सतीश गरजला. “सर, ‘परखड’ छापणाऱ्या प्रेसवर जा. नाव काढा.”

सूर्यकांत अल क्वोजच्या छापखान्यात जाऊन आले. “प्रेसवाले मोहिद्दीनभाई म्हणतात, मेलो तरी नाव सांगणार नाही.”

पुढचा अंक आणखी जहाल निघाला. ‘लिफ्टचं दार उघडलं. लॉबीत उर्मिलाताई पाठमोऱ्या रडत होत्या. त्यांच्या नवऱ्याला त्याच दिवशी कामावरून काढलं होतं. अध्यक्षांनी हाक मारली नाही. बटण दाबलं, दार लावून घेतलं.’

सर्वसाधारण सभेत तो मजकूर कुणीतरी मोठ्याने वाचला. जलसा रद्द झाला. ज्यांची घरं सुटताहेत, त्यांना शाळेचं वर्ष संपेपर्यंत आपापल्या घरी ठेवून घ्यायला अकरा कुटुंबं उभी राहिली. सूर्यकांतांनी राजीनामा दिला. जाताना सतीशने नमस्कारही केला नाही.

घरी आल्यावर पत्नी सुनेत्राचे डोळे भरून आले.

“अहो, ते लिफ्टचं खरं आहे?”

“खरं आहे.”

“उर्मिलाने पाहिलं तुम्हाला?”

“नाही. तिला आजच कळलं.”

“मग त्या ‘परखड’वाल्याला कसं कळलं? लिफ्टमध्ये तुमच्याबरोबर कोण होतं?”

“कोणीच नव्हतं,” सूर्यकांत म्हणाले, आणि ‘परखड’च्या पुढच्या अंकाचा हस्तलिखित मजकूर त्यांनी तिच्या हातात ठेवला. “शुद्धलेखन तेवढं बघून दे.”