अफू कुणाची

"काकूंना साक्षीला उभं करायचं, हे नक्की ना?" दिगंबरराव वकिलांनी पुन्हा विचारलं. "एकदा त्या बोलल्या की शब्द मागं घेता येणार नाही."

शकुननं मान हलवली. बँकशाल स्ट्रीटच्या कोर्टाचा व्हरांडा माणसांनी गजबजला होता. बाकाच्या एका टोकाला तिच्या सासूबाई, सुनीतीबाई, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला तिचा नवरा चारुदत्त. त्याला सर्दी झाली होती. सारखा रुमाल नाकाला लावत होता, मधूनच जांभई देत होता. धाड पडल्यापासून त्याला धड झोप नव्हती.

पंधरवड्यापूर्वी आबकारी खात्याची माणसं त्यांच्या बालीगंजच्या घरात शिरली होती. सुनीतीबाईंच्या खोलीतल्या कपाटात, लुगड्यांच्या मागं, अफूचा डबा सापडला. परवाना घरात कुणाच्याच नावावर नव्हता. "कुणाची आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं. कुणी तोंड उघडलं नाही. घर चारुदत्तच्या नावावर, म्हणून खटला त्याच्यावर भरला गेला.

जामिनावर सुटून आल्यावर त्यानं शकुनला जवळ बसवून सांगितलं होतं, "आईची आहे. बाबा गेले तेव्हापासून घेते. गुडघ्यांसाठी म्हणून सुरू केली, मग सुटेना. पण या वयात तिला तुरुंगात कसं पाठवू? मी सोसेन. तू तिला काही बोलू नकोस."

शकुनचे डोळे भरून आले होते. शिक्षा झाली की सरकारी नोकरी जाणार, घर सुटणार, या परक्या बंगाली शहरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि सासूबाई मात्र वेळेवर जेवत, पडल्या पडल्या झोपी जात. कुठंतरी आणखी एक डबा दडवला असणार, असं शकुनला वाटे. त्यांच्या पानात ती न बोलता वाढी.

परवा मात्र तिला राहवलं नाही. सुनीतीबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, हे सगळा दोष स्वतःवर घेताहेत. तुम्हांला बघवतं कसं?"

त्यांचा हात थांबला. "काय घेतोय स्वतःवर?"

"डबा तुमचा आहे, मला माहीत आहे. ह्यांनी सांगितलं."

"त्यानं तुला असं सांगितलं."

"हो."

सुनीतीबाई बराच वेळ ताटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग कोर्टातही मी तसंच सांगते."

"आधीच सांगायला हवं होतंत."

सुनीतीबाईंनी तांदूळ पुन्हा पुढं ओढले.

चारुदत्तला हे कळलं तेव्हा तो, "तिचं वय बघून दंडावर सोडतीलही," एवढंच म्हणाला.

पुकारा झाला. चारुदत्त आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. शिपायानं हात दिला तो न घेताच सुनीतीबाई समोरच्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्या. शपथ घेताना आवाज जरासाही हलला नाही.

"डबा माझा आहे," त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या. "मुलाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं."

शकुनचा श्वास मोकळा झाला. दिगंबरराव समाधानानं खाली बसले.

सरकारी वकील सावकाश उठले. त्यांचा स्वर मऊ होता.

"किती वर्षं खाता, माताजी?"

"मालक गेल्यापासून."

"चुकत नाही कधी?"

"नाही."

वकिलांनी टेबलावरच्या पुडक्याचं सील उघडायला लावलं आणि डबा सुनीतीबाईंपुढं ठेवला. आत काळा, चिकट गोळा होता.

"एका वेळी किती घेता, तेवढी काढून दाखवा."

दिगंबरराव अर्धवट उठले. बंगाली मॅजिस्ट्रेटांनी त्यांना हातानंच बसायला सांगितलं.

शकुननं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. सुनीतीबाईंनी एकवार डब्यात निरखून पाहिलं. मग बोटं आत घालून सुपारीएवढा तुकडा तोडला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"एवढी. सकाळ-संध्याकाळ."

लिहिणाऱ्या कारकुनानं मान वर केली. मॅजिस्ट्रेटांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजी," ते हलकेच म्हणाले, "यातला चौथा हिस्सा जरी तुम्ही खाल्ला असता, तरी पुन्हा उठला नसतात."

सुनीतीबाईंचा हात तसाच राहिला. शकुननं चारुदत्तकडे पाहिलं. तो आईच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर तिच्या बोटांतल्या तुकड्यावर खिळली होती, आणि तो ओठांवरून जीभ फिरवत होता.