आयुधपूजेचं कुंकू

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर गिरिधरने डेटाबेसची नवी आवृत्ती चढवली, पण ती काही केल्या सुरू होईना. आदल्या दिवशी पूजेत सर्व्हरला कुंकू लावणाऱ्या शिपाई बसवण्णांवर तो उखडला, "कुंकू लावायला हा काय देव्हारा आहे? गेलं असणार आत!"

बसवण्णा कोरड्या फडक्याने सर्व्हर पुसत राहिले.

तेवढ्यात गिरिधरच्या लक्षात आलं, जुनी आवृत्ती त्याने बंदच केली नव्हती. तीच जागा अडवून बसली होती. त्याने ती गुपचूप बंद केली आणि नवी लगेच सुरू झाली.

खरं सांगायला तो वळला, तर बसवण्णा सर्व्हरपुढे उभे राहून स्वतःच्याच गालांवर चापट्या मारून घेत होते.

"झालं ना सर सुरू? देवीनं माझी चूक पोटात घातली!"