फ्रेममधला माणूस

स्पर्धेचा नियम सरळ होता: जंगली प्राणी त्याच्या मूळ जागेत दिसला पाहिजे, फ्रेममध्ये माणसाची एकही खूण नको. फोटो पाठवायची आज शेवटची तारीख. म्हणून निमिष आजही उजाडल्यापासून त्यांच्या एव्हरशाईन बिल्डिंगच्या मागच्या खाजणात, चिखलात पालथा पडून कोल्ह्याची वाट बघत होता. कॅमेरा तिवरांकडे, पाठ बिल्डिंगकडे. त्या बाजूला बघण्यासारखं काही नाहीच, असं त्याचं ठाम मत होतं.

खिशातला फोन थरथरला. पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून बायको.

"मिळाला का रे कोल्हा?"

"नाही! ठेव फोन सुरुची, पळून जाईल तो," निमिष कुजबुजला.

"मला मिळाला."

"काय?"

"तुझ्या जुन्या कॅमेऱ्याने काढला आत्ता. कसला भारी आलाय! मागे तिवरं, खाडीचं पाणी, एक बिल्डिंग नाही."

निमिषने कपाळ चिखलात टेकलं. बिल्डिंगमध्येच उभं राहिलं की बिल्डिंग कशाला येईल फोटोत? इतके दिवस इथे लोळून हे त्याला सुचलं नव्हतं, आणि हिने चहा पिता पिता फ्रेम जमवली. पण घरातलं कुणीतरी जिंकेल ना!

"तुझ्या नावाने पाठव. लगेच!"

"पाठवते रे, पण त्यात एक माणूस आलाय. पालथा पडलेला."

"मग क्रॉप कर ना मला!"

"कसा करू? तुझा बूट हुंगतोय तो. अजून हुंगतोय."