सात नंबरची बेल

"मावशी, सात नंबरच्या रिकाम्या खोलीतली बेल अजून वाजते का हो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाल्मलीने आईबाबा चालवत असलेल्या वृद्धाश्रमात काम करणाऱ्या सुमनमावशींना हसत हसत विचारलंच.

चादर झटकता झटकता मावशी थांबल्या. "मला रोज ऐकू येते गं. त्या दुपारी त्या खोलीतल्या वैद्य आजी कधीच्या वाजवत होत्या. पण वृद्धाश्रमांच्या दोन संघटना मिळून पाहणीला येणार, म्हणून आम्ही सगळ्या खाली हॉल सजवत होतो. वर गेलो तेव्हा आजी गेलेल्या, बटण मुठीतच."

शाल्मलीचं हसू मावळलं. त्या दुपारी हॉलमध्ये रांगोळीत रंग भरताना बेल तिनेही ऐकली होती, आणि 'जाईल कोणीतरी' म्हणून सोडून दिली होती.

घरी येताच ती म्हणाली, "आईबाबा, तुम्ही संघटनांना 'आजी झोपेत गेल्या' असं कळवलंत ना? उद्या त्यांच्या बैठकीत खरं काय ते मी सांगणार."