हात न लावता

"मॅडम, तुम्हीच काहीतरी दाबत असाल," कॉम्प्युटर दुरुस्तीवाला पुन्हा म्हणाला.

छापखान्यात कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावताना तिची स्क्रीन अधूनमधून काळी व्हायची, उघडलेलं सगळं मिटायचं आणि तो चालवणारं लिनक्स नव्याने पासवर्ड मागायचं. दुरुस्तीवाला येऊन खटाखट बटणं दाबू लागला की मात्र ते गुणी बाळासारखं चालायचं. आज दोष सापडला नाही तर उद्यापासून तिने पुठ्ठे चिकटवायचे, असं मालकांनी सांगूनच टाकलं होतं.

"बसा जरा," ती हळूच म्हणाली. "आज तुम्ही हात लावू नका, मीही लावत नाही." आणि स्क्रीनसमोर हात जोडून ती स्वस्थ बसली.

"अहो बाई, नवसाने मशीन सुधारत नाही!" दारातून मालक हसले.

ती हलली नाही. दुरुस्तीवाल्याचा चहा संपला. कोणी हात लावत नाही म्हणून स्क्रीन आपोआप मंद झाली, मग काळी झाली आणि पुन्हा उजळली ती पासवर्ड मागतच. लावलेली पानं गेली होती.

"मालक, हात अजून जोडलेलेच आहेत," ती तितक्याच हळू आवाजात म्हणाली. "आता सांगा, यातल्या कुठल्या बोटाने काय दाबलं?"