हरवलेली संगीन

बंदूक उघडायचा बोल्ट पुन्हा अडकला. व्हर्ननने तळहाताने दोन ठोसे हाणले. रशियन फौजेतली ती जुनी बंदूक ढिम्म हलली नाही.

"झालं का बाबा?" लोरेटाने कपाळावर हात मारला. रांगेतल्या सगळ्या बंदुका उघडून ठेवल्याशिवाय कुणालाच निशाणाचा कागद बघायला पुढे जाता येत नाही, हा नेमबाजीच्या रेंजचा नियम. सगळे यांच्यापायी खोळंबले होते.

सकाळपासून हेच. आधी संगीन सापडेना. म्हाताऱ्याने घर उलथंपालथं केलं, फ्रीजसुद्धा उघडून बघितला. शेवटी लेकीने त्याला ओढत आपल्या गाडीत बसवलं. दूध विसरायचं, औषधं विसरायची, आता हातभर लोखंडही विसरायचं म्हणजे कमाल झाली. असला माणूस अजून ट्रक चालवतो, या विचाराने तिची झोप उडाली होती. म्हणूनच पैज ठरली होती. कागदावर एक तरी गोळी लागली तर ट्रक त्याचा, नाहीतर किल्ल्या तिच्याकडे.

व्हर्ननने लाकडी हातोडी हाणली. बोल्ट उघडला. कागद मात्र कोरा निघाला.

"नजरही गेली," तो पुटपुटला.

तेवढ्यात रेंज सांभाळणारा ड्यूई मागचा पुठ्ठाच उचलून घेऊन आला. "नजर कसली गेली? हे बघ." कागदाबाहेर, पुठ्ठ्याच्या कडेला, सगळी भोकं एका बशीत मावतील अशी होती. "या बंदुकीचा नेम संगीन लावूनच बसवलेला. ती नसली की गोळी बाजूला जाते, हे तूच मला शिकवलंस ना रे?"

"माहीत आहे, पण गोळी इतकी लांब जाईल असं वाटलं नव्हतं. आणि संगीन कुठे ठेवली तेच आठवत नाही." व्हर्ननने खिशात हात घातला. "पोरीचं बरोबर आहे. डोकं चालत नाही आता. घे गं, ट्रकच्या किल्ल्या."

लोरेटाने किल्ल्या घेतल्या. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचाच राग आला. बंदूक गुंडाळायला तिने आपल्या गाडीच्या डिकीतली जुनी रजई ओढली. आतून काहीतरी खणकन खाली पडलं.

संगीन. थँक्सगिव्हिंगच्या सणाला पोरंटोरं जमली, तेव्हा कुणाच्या हाताला लागू नये म्हणून तिनेच रजईत दडवली होती.

"मीच ठेवली होती, बाबा. साफ विसरले." तिने ट्रकच्या किल्ल्या त्याच्या हातात परत दिल्या.

व्हर्ननने संगिनीकडे बघितलं, मग तिच्याकडे. हात तसाच पसरलेला ठेवला.

"आता तुझ्या गाडीच्याही आण."