स्टीलचा गुडघा
बंगळूरच्या ज्यू दफनभूमीत सॅमसन पेणकरांना कबरीत उतरवायची तयारी झाली, तेवढ्यात त्यांच्या पत्नी सिप्पोराबाईंनी सगळ्यांना थांबवलं. “यांचा डावा गुडघा स्टीलचा आहे,” त्या म्हणाल्या. “काकी, आता त्याचं काय?” पुतण्या कुजबुजला. “अरे, पुनरुत्थानाच्या दिवशी हाडाला हाड जुळेल, असं शास्त्रात आहे. स्टीलचं कुठं आहे? बसवनगुडीच्या डॉक्टरांनी गॅरंटीही वीसच वर्षांची दिलीय. सगळे उठून यरुशलेमला निघाले आणि हे एकटेच मागे राहिले, तर?” कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. प्रार्थना म्हणायला मुंबईहून आलेले धर्मगुरू, हझान, मात्र हसले नाहीत. त्यांनी कबरीच्या मातीकडे पाहिलं. “बाई, पहिला माणूस देवानं निव्वळ मातीतून उभा केला,” ते म्हणाले. “तेव्हा हाडंही नव्हती.” सॅमसनना खाली उतरवलं. सिप्पोराबाईंनी मूठभर माती घेतली, निरखली आणि झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी अलगद सोडली.